सदतीस सालची जवारी

"मग सदतीस साली जमीन कुणी कसली?" तहसीलदारांनी विचारलं.

हमिदाबी सकाळच्या गाडीनं अणदूरहून आली होती. तिला वाटलं, साहेब थट्टा करतायत. "म्याच की. जवारी काय भुतानं पेरली?"

कारकून हसले. साहेब हसले नाहीत. सलग सहा वर्षं जमीन कसल्याचं दप्तरात दिसलं, तर तिला कूळ म्हणून संरक्षण मिळणार होतं. नाही तर मालक तिला पेरणीआधी काढणार होता. मराठी उताऱ्यात १९३४, ३५, ३६ होतं. पुढं एकदम १९३८, ३९, ४०.

मूळ दप्तर निजामाच्या वेळचं, उर्दूत, फसली म्हणजे पिकाच्या हंगामावर मोजलेल्या महसुली सालांचं. राज्य बदलल्यावर ते मराठीत उतरवायचं काम कचेरीतल्या दोघा कारकुनांनी वाटून घेतलं. तेराशे शेहेचाळीस फसलीपर्यंत अंबादासराव, पुढचं सादिक. अंबादासरावांची हयात त्या मोडक्या सरकारी अक्षरात गेलेली. सादिक सोलापूरचा, नोकरीत नवा, ते अक्षर अडखळत लावणारा. "नाव तुझं आणि उर्दू माझी," असं अंबादासराव त्याला चिडवत. अडलं की शिकवतही.

आताही बाईसाठी तेच उभे राहिले. उतारे दोन हातांचे आहेत, म्हणाले. फसली सालाचं इंग्रजी साल करताना दोघांचा आकडा वेगळा पडला असावा. मूळ दप्तर पुन्हा लावून बघावं. साहेबांनी मुदत विचारली. साऱ्या गावांचं धरून तीन वर्षं, असं उत्तर आलं.

साहेबांनी फेरतपासणीचा हुकूम काढला. अंबादासराव महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांना तीन वर्षांची मुदतवाढ द्यावी, अशी शिफारसही लिहिली. हमिदाबीचा अर्ज मात्र समोरच्या कागदावरच निकालात निघाला. नामंजूर.

जाताना ती अंबादासरावांपाशी थांबली. "तुमी तरी बोललात, भाऊ." सादिककडं तिनं पाहिलंही नाही.

कचेरी रिकामी झाल्यावर सादिक दोन्ही रजिस्टरं घेऊन अंबादासरावांच्या मेजाशी आला.

"काका, तुम्ही पाचशे नव्वद मिळवलेत. मी पाचशे एक्क्याण्णव. तो आकडा तुम्हीच दिला होता मला."

अंबादासरावांनी दौतीला बूच लावलं.

"व्हय. पण मी किती मिळवतो, ते तू कधी विचारलं न्हाईस."