‘नाय’चं ‘नाही’

समुद्राकाठच्या घिवलीची उन्नती भर दुपारी ओटीवर एकटीच बसून, आपल्या हौसेनं, बोललेलं लिहून देणारं एक मोफत अ‍ॅप तपासत होती. त्याची एक खोड तिनं तीनदा कळवली होती: ती ‘नाय’ म्हणाली, की ते ‘नाही’ लिहायचं.

आज नवी आवृत्ती उघडली आणि स्क्रीनवर उमटलं, ‘आमी अजून वर आलो नाय.’

हरखून तिनं अ‍ॅप तपासणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सुधारलं!’

अ‍ॅप बनवणाऱ्या धीरजनं लगेच विचारलं, ‘मस्त! नेमकं काय बोललात?’

उन्नती उत्तर लिहायला गेली आणि थबकली. तिनं अजून तोंडच उघडलं नव्हतं.

तिनं फोनच्या माइकवर बोट घट्ट दाबलं.

अक्षरं सावकाश उमटली.

‘बोट काढ गो. आमाला दम घेता येत नाय.’