रेवीला बुडव

हिनेवाईच्या कादंबरीतला रेवी कालवं काढायच्या बोटीवर होता. घरी आला की बायकोला जवळ घेण्याआधी तो आपले गार हात चहाच्या मगावर शेकून घ्यायचा. ते वाचून हिनेवाईच्या नवऱ्याचा, लॅकलनचा, तिळपापड झाला. त्याने उभ्या जन्मात असे हात शेकले नव्हते. शिवाय हा पठ्ठ्या अख्ख्या पुस्तकात एकदाही घोरत नव्हता.

"याला बुडव," लॅकलन म्हणाला. "या घरात एकतर तो राहील, नाहीतर मी."

"अरे, कागदावरचा माणूस तो."

"मग बुडवायला काय जातंय तुझं?"

तिने बुडवला.

प्रकाशनाला ब्लफ गावचा हॉल गच्च भरला. लॅकलन खुशीत येईल त्याला कालवांची भजी वाढत हिंडत होता. हिनेवाईने शेवटचं पान वाचायला घेतलं आणि हॉलभर बायका मुसमुसू लागल्या. तिलाही पुढे वाचवेना.

"आता कशाला रडतेस? मेला ना तो," गाडीत बसल्यावर लॅकलन म्हणाला.

"पुढच्या भागात त्याला पोट सुटणार होतं. घोरायलाही लागणार होता, अगदी तुझ्यासारखा," ती डोळे पुसत म्हणाली. "तू त्याला कायमचा तिशीतला करून ठेवलास."