हिरव्या बांगड्यांमधला पट्टा

जेवायला बसताना नरहरी मनगटावरचा पट्टा काढून बायकोच्या, सुमतीच्या हातात घालायचा. घालणाऱ्याचं यकृत किंवा हृदय थकायला लागलं की पट्टा लाल होई, आणि ताटावर बसल्यावर त्याला तो लाल बघवत नसे. दवाखान्यातून असे पट्टे फक्त जाड माणसांनाच मिळत. सुमती काडीसारखी. तिच्या हिरव्या बांगड्यांत तो हिरवाच राहायचा.

“तुमची चोरी माझ्या हातात,” म्हणत ती पोळीवर तूप सोडायची.

गौरीजेवणाच्या दिवशी मात्र पट्टा तिच्या हातावर लाल झाला.

“अहो, हा बिघडला वाटतं.”

“बिघडलाच. तुझ्या अंगावर मांस नाही, चरबी कुठून येणार?”

तिनं हात पदराखाली घेतला आणि दुसरी पोळी वाढली.

माघात ती गेली. “बारीक माणसाच्याही यकृतात चरबी साचते, मग हृदयही थकतं,” डॉक्टर म्हणाले. “थोडं आधी कळायला हवं होतं.”

तेराव्याचं ताट समोर आलं. नरहरीनं सवयीनं पट्टा काढला आणि उजवीकडे हात नेला. तूप घेऊन ती तिथंच उभी असायची. कुणाचं मनगट लागेना, तसा पट्टा त्याच्या मुठीतच विझला.