निर्जळी

“आज आपल्यातलं कोणी हाटेलात असायचं नाही,” सीतारामराव काचेचं दार ढकलत म्हणाले. “एकादशी ना. निर्धास्त चला.”

तंजावरातली मराठी घरं एकमेकांना नको इतकी ओळखतात, पण त्यांचा हिशेब बिनचूक होता. शिवाय साडीच्या दुकानात त्यांच्या बायकोला, महालक्ष्मीबाईंना, घेरी आली होती. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. बाहेर पडल्यावर जे पहिलं दार दिसलं ते नव्या इटालियन रेस्टॉरंटचं निघालं, त्याला कोण काय करणार?

आत शिरताना ठरलं होतं ते फक्त लिंबूपाणी. पण आतला तो वास! शांभवीनं मेनू उघडला. “अप्पा, पाण्यानंही मोडतेच. मग मोडायचीच तर पोटभर मोडू.”

लेकीचं म्हणणं खोडून काढायचं त्राण कोणातच नव्हतं. मोठा पिझ्झा आला, लसूण लावलेला पाव आला. जिला महालक्ष्मीबाईंनी लग्नापासून स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, ती लसूण त्यांनी डोळे मिटून खाल्ली. डोळे उघडले तर समोरच्या कोपऱ्यात गुरुमूर्ती.

गुरुमूर्ती म्हणजे सुंदरचे वडील. शांभवीला सुंदर आवडला होता, सुंदरला शांभवी. घोडं अडलं होतं ते सुंदरच्या आजीपाशी. मुलगी बघायला आल्या तेव्हा शेषम्मांनी एकच विचारलं होतं, “एकादशी कशी करता?” सीतारामरावांनी छाती पुढे काढून सांगितलं, “निर्जळी.” “बघू,” म्हातारी म्हणाली होती, “उत्तर द्वादशीस देऊ.” ती द्वादशी उद्याच होती.

“मागं दार आहे का बघ,” सीतारामराव पुटपुटले. त्यांनी तोंडापुढे मेनू धरला, तोही उलटा.

“मी नाही पळायची,” शांभवी म्हणाली. “आधी त्यांच्या प्लेटीत काय आहे ते बघा.”

गुरुमूर्तींनीही तोंडापुढे मेनू धरला होता. त्याच्या खालून चीजची तार लोंबत होती.

शांभवी सरळ उठून त्यांच्यापाशी गेली. “मामा, एकटे कशास बसता? इकडं या की.”

गुरुमूर्ती आले. प्लेट घेऊनच आले. “बीपीची गोळी रिकाम्या पोटी नको म्हणून डॉक्टर सांगितले,” ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

“हिला घेरी आली,” सीतारामराव पिझ्झ्याकडे बघत म्हणाले.

झाकली मूठ सव्वा लाखाची. चौघांनी खाण्यात लक्ष घातलं.

तेवढ्यात गुरुमूर्तींचा फोन वाजला. वर नाव ‘अम्मा’. त्यांचे दोन्ही हात चीजनं बरबटलेले. न उचलावा तर म्हातारी सगळ्या गल्लीला शोधाला धाडणार. त्यांनी करंगळीनं फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“कोठे आहेस रे?” शेषम्मांचा आवाज टेबलभर पसरला.

“सीतारामरावांकडे, अम्मा.” घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते गुरुमूर्तींना सुचलं. “म्हटलं, न सांगता जाऊन बघावं, एकादशी खरीच करतात की नाही.”

“बरं केलास. मग? करतात?”

शांभवीचा घास हातातच राहिला. तिचं लग्न आता गुरुमूर्तींच्या जिभेवर होतं, आणि त्याच जिभेवर लसूणही होती.

गुरुमूर्तींनी तोंडातला घास एका गालात सारला. “कडक, अम्मा. पाणीसुद्धा नाही. तिघंही जप करत बसलेत.”

शांभवीला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“हूं,” शेषम्मा म्हणाल्या. “मी तर पडून आहे. उठवत नाही. डोळ्यांपुढे नुसती अंधारी, पण देवाचं नाव घेत...”

फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली.

 गुरुमूर्ती फोनकडे असे बघत राहिले की जणू या बाईंची नि त्यांची आजच ओळख होत होती.

“शेजारचा असेल,” शेषम्मा घाईनं म्हणाल्या.

दुसरी शिट्टी शेजारच्या मानानं फारच जवळून आली. पाठोपाठ तिसरी.

महालक्ष्मीबाईंना राहवेना. जन्म स्वयंपाकघरात गेलेला. डोक्यानं आवरायच्या आत तोंड बोलून गेलं. त्या फोनवर वाकल्या. “मामी, तीन झाल्या. बंद करा, नाहीतर भात गिच्च होईल.”

सीतारामरावांनी कपाळावर हात मारून घेतला. संपलं. हाताशी आलेलं स्थळ भातापायी गेलं.

 पलीकडे झपझप पावलं वाजली आणि गॅसचं बटण फिरल्याचं टक्क ऐकू आलं.

“गुरुमूर्ती,” शेषम्मा म्हणाल्या, “द्वादशीपर्यंत कशास थांबायचं? मुलगी आपली म्हणून सांग त्यांस.”