शेवडेंचं विरजण

कारखान्याची घाण नाहीशी करायला विहिरींत जांभळं औषध ओतलं, तेव्हापासून कॉलनीत कुणाचंच दही लागेना. त्या पाण्यानं धुतलेल्या भांड्यांत घाणीबरोबर दही लावणारे चांगले जंतूही मरत होते. लागायचं ते फक्त औषध ओतणाऱ्या शेवडेंकडे.

"स्वतःच्या विहिरीत ओतलंच नाहीत ना?" यमुताईंनी डोळे बारीक केले. दहीभात मिळेना म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी जेवणच सोडलं होतं.

शेवडेंनी विहिरीचं झाकण उचललं. पाणी गर्द जांभळं! "दुप्पट ओतलंय, वहिनी. त्यातून जे जंतू जगले, त्यांना आता त्याचीच तल्लफ लागलीय. विरजण न्या, पण दुधात चिमूटभर औषध टाका."

यमुताईंनी सासऱ्यांसमोरच नाक मुरडत ते औषध दुधात टाकलं. सकाळी दही सुरीनं कापावं इतकं घट्ट!

सासऱ्यांनी दहीभात मिटक्या मारत संपवला, ताट चाटलं आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून भात नको. नुसतं जांभळंच वाढ."