चित्रेच्या सरळ खाली

समुद्रावर पाच दिवे होते: चार मासेमारीच्या बोटींचे, एक धक्क्याच्या टोकावरचा. त्यांच्यावर धुरकट पट्टा. त्याही वर, हात लांब करून आडव्या धरलेल्या दोन बोटांइतक्या उंचीवर, नरतुरंग या तारकासमूहातला तारकागुच्छ असायला हवा होता. चित्रेचा तारा नेमका दक्षिणेला आला होता. गुच्छ त्याच्या सरळ खाली असतो.

"दिसला का?" तोकिएने विचारलं.

"कॅमेऱ्याच्या भिंगावर दव धरलंय," तिचा नवरा तेइझो म्हणाला.

दव धरू नये म्हणून भिंगाला रबराने उबेची, हवा लागली की आपोआप तापणारी पुडी बांधायची, ही आकाशाचे फोटो काढणाऱ्यांची रीत. तेइझोने गेल्या हिवाळ्यातली उरलेली पुडी बांधली होती. ती कधीच गार पडली होती.

"नवी पाकिटं घरात लोळतायत. पण नाही, जुनं संपल्याशिवाय नवं फोडायचं नाही!"

"संपलं की आता."

दुसरी पुडी त्याच्या पोटाशी होती. ती तोकिएनेच बांधली होती. सोमवारी त्याची शस्त्रक्रिया होती. ताप साडेसदतीसच्या वर गेला तर ती करता येणार नाही, आणि आता थांबण्याइतका वेळ हातात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेइझोचा हात कोटाच्या गुंड्यांकडे गेला.

"हात लावून बघा नुसता."

"अगं, दक्षिणेच्या बेटांवर हा पोरासोरांनाही दिसतो. आपल्या गावातून कुणीच टिपलेला नाही. दरवर्षी धुकं, नाहीतर ढग."

"मग पुढल्या वर्षी काढा."

तेइझोने भिंग बाहीने पुसलं, पण त्यावर लगेच पुन्हा दव धरलं.

मग तोकिएनेच त्याच्या गुंड्या काढल्या, पुडी सोडवली, भिंगाला गुंडाळली आणि वर रबर चढवलं. त्याला मागून बिलगून बसत तिने आपला कोट दोघांभोवती ओढून घेतला.

"हलू नकोस, कॅमेरा हादरेल."

"थरथरताय तुम्ही. मी नाही."

भिंग हळूहळू निवळलं. पडद्यावर पिठाचं बोट टेकवावं तसा एक राखाडी डाग उमटला.

"एवढासाच?"

"कोटीभर तारे आहेत त्यात." त्याचे दात वाजत होते. "अजून थोडे फोटो काढू दे."

तिने काढू दिले.

सोमवारी सकाळी इस्पितळात नर्सने त्याच्या काखेतला थर्मामीटर काढून वाचला. सदतीस अंश आठ.