पवित्र तेल

कम्युनिस्ट पक्षाचा तपासनीस आमच्या ट्रनावा गावातल्या शाळेत आला आणि माझ्या टेबलाचा खण उपसू लागला. मी लपवलेली वही सापडलीच: डावीकडे चर्चचे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्लोव्हाक अर्थ. “कॉम्रेड बाई, हे कुठल्या इयत्तेला शिकवता हो?” त्यानं दार लावलं आणि ‘मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल’ यावर बोट ठेवलं. “हे लावणारं कुणी आहे? माझ्या आईचं काही खरं नाही. मी चर्चमध्ये दिसलो तर नोकरी गेलीच.” सापळा असला तर? तळघरातला बॉयलरवाला छुपा पाद्री आहे, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “वर्ग गारठलाय. जाताना बॉयलरवाल्याला सांगा.” त्यानं खोली तापवणाऱ्या रेडिएटरला हात लावला. चटका बसला. माझ्याकडे एकटक बघून तो खाली गेला. घंटा झाली तेव्हा रेडिएटर गार पडला होता. खाली कोळसा टाकायला कुणी उरलं नव्हतं.